स्मृतिभ्रंश असलेल्या बाबांसाठी जीपीएस घड्याळ: काय घ्यावं आणि त्याआधी काय करावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे, साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात दुपारी आईंचा डोळा लागला असताना ते कोथरूडच्या घरातून निघाले आणि चार तासांनी स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीच्या रांगेत सापडले. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, खिशात एअरटॅग, म्हणजे ॲपलचा वस्तू शोधायचा टॅग, टाक. शेजारी म्हणतात, लहान मुलांचं जीपीएस घड्याळ घ्या. आई म्हणतात, कैद्यासारखं काही अडकवायचं नाही. आणि तुम्ही विचारता, यातलं घ्यायचं काय?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं रोजचं जगणं सुरक्षित आणि सुसह्य कसं होईल हे बघणं हे माझं काम. त्यामुळे थेट उत्तर आधी देते. सिमकार्ड असलेलं, ४जी नेटवर्कवर चालणारं जीपीएस यंत्र घ्या. ते मनगटावर असावं की पिशवीत, हे बाबांच्या सवयींवरून ठरवा. एअरटॅग जोडीला चालेल, एकटा पुरणार नाही. पण पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवावी लागेल. दुपारी तीन वाजता तुमच्या फोनवर ‘बाबा हद्दीबाहेर गेले’, म्हणजे यंत्रात घराभोवती आखलेल्या वर्तुळाबाहेर गेले, असा संदेश आला. तुम्ही ऑफिसात, तासाभराच्या अंतरावर. आईंना भरभर चालवत नाही. मग पायात चप्पल सरकवून कोण धावणार? ज्या घरांत माणूस वेळेत सापडला नाही, तिथे बहुतेक वेळा यंत्राने आपलं काम केलेलं असतं. अडलेलं असतं ते इथे.

आता यंत्र कसं चालतं ते थोडं सांगते, कारण विकणारे हे सांगत नाहीत. उपग्रहांचे संकेत ऐकून यंत्राला आपण कुठे आहोत एवढंच कळतं. ती जागा तुमच्या फोनपर्यंत उपग्रह पोचवत नाही, ते काम मोबाइलचं नेटवर्क करतं. म्हणजे साखळी दोन ठिकाणी तुटू शकते: वरून संकेत आला नाही तर, किंवा खालून संदेश गेला नाही तर. मोकळ्या मैदानात जीपीएसची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. पेठांमधल्या अरुंद गल्ल्यांत, उंच इमारतींच्या मध्ये ती वाढते, कारण संकेत भिंतींवर आपटून फिरून येतात. पार्किंगच्या तळघरात, मॉलमध्ये किंवा जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत संकेत मिळतच नाही. मग यंत्र आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतं, तेही जमलं नाही तर मोबाइल टॉवरवरून. टॉवरवरचा अंदाज शहरात काहीशे मीटरनी चुकतो, गावाकडे काही किलोमीटरनी. खोक्यावर जीपीएससोबत रशियाची ‘ग्लोनास’ किंवा आपली ‘नाविक’ ही उपग्रह प्रणाली लिहिलेली असेल तर चांगलंच. जास्त उपग्रह ऐकू आले की दाट वस्तीत थोडी मदत होते.

यातून एक सवय लावून घ्या, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नकाशावरचा ठिपका बघण्याआधी त्याच्याखालची वेळ वाचा. ठिपका कर्वे रोडवर दिसतो, आणि खाली लिहिलेलं असतं ‘२५ मिनिटांपूर्वी’. घाबरलेल्या घरात ती ओळ कोणी वाचत नाही. सगळे कर्वे रोडकडे पळतात आणि माणूस तोवर दुसरीकडे पोचलेला असतो. वयस्कर माणूस सावकाश चालला तरी दहा मिनिटांत अर्धा किलोमीटर जातो. बसमध्ये बसला तर ताशी चाळीसच्या वेगाने त्याच दहा मिनिटांत साडेसहा किलोमीटर. म्हणून यंत्र घेताना विचारा की ते जागा किती वेळाने कळवतं, आणि आणीबाणीत तुम्हाला फोनवरून तो वेळ एक मिनिटावर आणता येतो का. एरवी दहा मिनिटांवर ठेवा, नाहीतर बॅटरी संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही.

बसचं उदाहरण मुद्दाम दिलं. तुमच्या बाबांचं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांना राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना फार चांगली आहे, माझ्याकडच्या कित्येक आजी-आजोबांना तिच्यामुळे गावाला जाता येतं. पण पूर्वी खिशात पैसे नसले की हरवलेला म्हातारा माणूस चालून जाईल तेवढाच लांब जायचा. आता खिशात आधार कार्ड असलं की तो कोल्हापूरपर्यंत जाऊ शकतो. बाबा स्वारगेटला रांगेत उभे होते, म्हणजे त्यांच्या मनात साताऱ्याची वाट अजून शाबूत आहे. तेव्हा घराभोवती दोन किलोमीटर शोधू, एवढी आखणी तुम्हाला पुरणार नाही. शोध सुरू झाला की एक माणूस पहिल्याच मिनिटाला स्वारगेटला गेला पाहिजे. स्थानकातल्या चौकशी खिडकीचा नंबर आज जाऊन घेऊन या, आणि साताऱ्याच्या घराशेजारी अजून ओळखीचं कोणी राहत असेल तर त्यांनाही सगळं सांगून ठेवा.

एअरटॅगबद्दल. तुमच्या भावाचा हेतू चांगला आहे, पण त्या वस्तूत जीपीएसही नाही आणि सिमही नाही. ती ब्लूटूथने हाक मारते, जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी आयफोनला ती ऐकू येते आणि तो फोन आपली जागा कळवतो. कोथरूडच्या चौकात हे ठीक चालतं. खंबाटकी घाटात थांबलेल्या एसटीत आयफोनवालं कोणी नसेल तर काहीच कळणार नाही. हद्द ओलांडली म्हणून तो आपण होऊन तुम्हाला उठवणारही नाही. २०२१ साली तो बाजारात आला तेव्हापासून ॲपल हेच सांगत आलं आहे की तो वस्तू शोधायला आहे, माणसं शोधायला नाही. शिवाय कोणी कोणाचा चोरून पाठलाग करू नये म्हणून त्यात सोय केलेली आहे: मालकाच्या फोनपासून बराच काळ दूर राहिलेला टॅग हलला की वाजू लागतो, आणि सोबत फिरणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर ‘अनोळखी टॅग तुमच्याबरोबर आहे’ असा इशारा येतो. २०२३ पासून हा इशारा अँड्रॉइडवरही येतो. म्हणजे टॅग भावाच्या नावावर, भाऊ न्यू जर्सीत, आणि इथे बाबांच्या खिशात अधूनमधून चिवचिवाट. बाबा ती वस्तू काढून फेकून देतील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लावायचाच असेल तर घरातल्या, रोज त्यांच्याजवळ असणाऱ्या माणसाच्या आयफोनवर नोंदवा आणि तिथून भावाला बघण्याची परवानगी द्या. हल्ली ते करता येतं. त्यातला बॅटरीचा गोल सेल घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

मुलांच्या घड्याळाबद्दल मात्र सावध करायचं आहे. ही घड्याळं स्वस्त असतात, काम बरं करतात, पण त्यांचा इतिहास चांगला नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने काही मॉडेलं तपासली, तेव्हा परक्या माणसाला मुलाची जागा बघता येत होती. त्याच वर्षी जर्मनीने गुपचूप आजूबाजूचं बोलणं ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली. २०१९ मध्ये एका सुरक्षा कंपनीला सुमारे सहा लाख ट्रॅकर असे सापडले की ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, १२३४५६ होता. तेव्हा कोणतंही यंत्र घेतलंत तरी पहिल्या दिवशी पासवर्ड बदला. ‘ऐकण्याची’ सोय असेल तर बंद करा. तुमच्या बाबांना भेटायला येणाऱ्या मित्रालाही काही खाजगी बोलायचा हक्क आहे. आणि खातं तुमच्या नावाने, तुमच्या नंबरवर उघडा. दुकानदार ‘मी लावून देतो’ म्हणत स्वतःच्या फोनवरून खातं उघडून देतात. मग वर्षभराने पासवर्ड विसरला की तुम्ही त्याच्या दारात.

सिमबद्दल दोनच गोष्टी. स्वस्त घड्याळांपैकी बरीच अजून फक्त २जीवर चालतात. त्यात जिओचं सिम घालून उपयोग नाही, जिओकडे २जी नाहीच. शिवाय जुनी नेटवर्कं किती काळ राहतील याचा भरवसा धरू नये, म्हणून ४जीचंच घ्या. दुसरं म्हणजे रिचार्ज. शोध फसल्याचं कारण विचारत गेलं की ‘पॅक संपला होता’ हे उत्तर फार वेळा ऐकू येतं. लांब मुदतीचा रिचार्ज करा आणि तारीख दोघांच्या फोनवर लावून ठेवा.

आता बाबांकडे वळते.

यंत्र कुठे असावं, हे ठरवायला एक आठवडा नुसतं बघा. बाहेर पडताना बाबा कुठली वस्तू कधीच विसरत नाहीत? नवीन सवय त्यांना आता लागणं अवघड आहे, पण चाळीस वर्षांची सवय हाताला अजून आठवते. आयुष्यभर घड्याळ घातलेला माणूस मनगटावर काहीतरी असल्याशिवाय बाहेर पडणार नाही. त्याला घड्याळ द्या, आणि पट्टा त्याच्या जुन्या घड्याळासारखा, आकडे मोठे. ज्याने कधी घड्याळ घातलं नाही, तो ते पाच मिनिटांत काढून फ्रीजवर ठेवेल. मग चष्म्याचं घर, कापडी पिशवी, पाकीट, काठी, बंडीचा आतला खिसा यांपैकी काय ते बघा. नऊवारी नेसणाऱ्या एका आजींची चंची अंथरुणातही सुटायची नाही. त्यांचं यंत्र त्या चंचीच्या आतल्या कप्प्यात शिवलं. कमरेला किल्ल्या असणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही. तुमचे बाबा शिक्षक होते. खिशाला पेन लावल्याशिवाय ते निघत नसतील असा माझा अंदाज आहे, पण पेनात मावेल एवढ्या यंत्राची बॅटरी टिकत नाही. म्हणून पिशवी किंवा चपला बघा. चपलेत बसवायचं असेल तर त्यांची घालायची जोडी एकच ठेवा, बाकीच्या कपाटात टाका. पेसमेकर असेल तर छातीच्या खिशात चुंबक असलेलं काहीही ठेवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

कुलुपाचा पट्टा मिळतो, माणसाला स्वतःला काढता न येणारा. मी तो सुचवत नाही. म्हाताऱ्या माणसाची त्वचा कागदासारखी पातळ असते, ओढाताणीत सोलवटते. आणि आपल्या हाताला कोणीतरी काहीतरी बांधलंय, हे त्यांना दिवसभर टोचत राहतं. त्याच्यामुळे संध्याकाळची अस्वस्थता वाढल्याचं मी पाहिलं आहे.

आईंचं म्हणणं इथेच येतं, आणि ते मला अगदी बरोबर वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि आजार झाला म्हणून तो हक्क संपत नाही. पण त्याहून साधं कारण असं की बाबांना न सांगता लावलेलं यंत्र एक दिवस त्यांना सापडतं, आणि मग घरातल्यांवरचा विश्वास उडतो. या आजारात संशय आधीच पटकन येतो. म्हणून सांगा. दोन वर्षं झाली असली तरी सकाळच्या वेळी, पोट भरलेलं असताना, घरात गडबड नसताना त्यांना बरंच कळत असेल. ‘तुम्ही हरवता म्हणून’ असं म्हणू नका. ‘बाबा, मी दिवसभर ऑफिसात असते, तुमची काळजी वाटते. हे तुमच्याजवळ असलं की मला कामात लक्ष देता येतं. ठेवाल का?’ असं विचारा. मुलीसाठी काहीतरी करणं त्यांना अजून आवडत असणार. ते हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी विसरले, तर पुन्हा विचारा, त्याच शब्दांत. रोज विचारावं लागलं तरी विचारा. जागा कोणाकोणाला दिसेल हेही त्यांना सांगा, आणि ती यादी छोटी ठेवा: तुम्ही, भाऊ, आणि धावून जाणारा माणूस. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांचा नकाशा टाकू नका.

एक गोष्ट आईंना माझ्यातर्फे सांगा. असं यंत्र आलं की काही घरं माणसाला जास्त कोंडतात, ‘ठिपका हलला’ म्हणून खिडकीत येणंही बंद करतात. हे उलटं व्हायला हवं. यंत्र आहे म्हणून बाबांना रोज बागेपर्यंत जाऊ द्या, लागलंच तर मागून वीस पावलांवर कोणीतरी असू दे. रोज मनसोक्त चाललेल्या माणसाचं दुपारी दार उघडून निघायचं प्रमाण कमी होतं, हे मला घराघरांत दिसलं आहे. ते बाहेर पडले ती वेळ लिहून ठेवा. शाळा सुटायची वेळ होती का? भूक लागली होती का? लघवीला जायचं होतं आणि दार सापडलं नाही, असं झालं का? ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या माणसाला ‘हेच तुमचं घर’ असं समजावत बसू नका. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ’ म्हणा, आणि साताऱ्याच्या शाळेबद्दल विचारा.

हद्द आखण्याबद्दल. घराभोवती दोनशे ते तीनशे मीटरचं वर्तुळ ठेवा. पन्नास मीटरचं ठेवलंत तर बाबा गाढ झोपलेले असतानाही ठिपका थरथरत बाहेर जाईल, रात्री दोनला फोन वाजेल, आणि चौथ्या रात्री तुम्ही तो आवाज बंद कराल. खऱ्या संकटापेक्षा खोट्या इशाऱ्यांनी जास्त यंत्रं निकामी होतात. आणि लक्षात घ्या, हद्दीचा इशारा येतो तेव्हा बाबा दोनशे मीटर पुढे गेलेले असतात. त्याहून लवकर इशारा देणारी वस्तू काहीशे रुपयांत मिळते: दाराला लावायची चुंबकाची घंटा. दार उघडलं की वाजते, आई जाग्या होतात, बाबा जिन्यातच भेटतात. माझ्या हातात असतं तर मी प्रत्येक घरात आधी ही घंटा लावली असती आणि मग घड्याळाकडे वळले असते. कडी नजरेच्या वर लावली तरी उपयोग होतो, कारण डोळ्यांसमोर दिसत नाही ते त्यांना सहसा सुचत नाही. पण त्यांना एकट्याला बाहेरून कुलूप लावून कधीच जाऊ नका. आग लागली, गॅस सुटला, तर पळायला वाट हवी.

बॅटरीचं काम एका माणसाच्या नावावर करा. सिमवालं घड्याळ दीड-दोन दिवसांच्या वर क्वचित टिकतं. आंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावायचं, नंतरच्या चहाबरोबर परत हातात, असा दिनक्रम बसवा. बाबांना सांभाळायला मावशी किंवा ब्युरोतून काका येत असतील तर त्यांच्या कामांत हे काम स्पष्ट सांगा, आणि ते कशासाठी हेही समजावून सांगा. पाणी लागलं तरी चालेल असं यंत्र हवं. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असेल तर पुरे.

यंत्राशिवाय चालणारी खूणही हवीच, कारण बॅटरी संपते आणि गर्दीत नेटवर्क बसतं. पालखी पुण्यात मुक्कामाला असते त्या दिवशी, विसर्जनाच्या रात्री, लाखो फोन एकाच टॉवरवर येतात आणि तुमच्या बाबांच्या घड्याळाचा संदेश त्यात अडकतो. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरच्या आत कापडी पट्टी शिवा: नाव, ‘यांना विसरायला होतं, कृपया फोन करा’, आणि दोन मोबाइल नंबर. मराठीत आणि हिंदीत. पत्ता लिहू नका. क्यूआर कोडची लॉकेटं मिळतात, मुंबईत अशा लॉकेटमुळे हरवलेली माणसं घरी पोचली आहेत, आणि जपानमधल्या इरुमा शहरात तर २०१६ पासून वृद्धांच्या नखावर चिकटवायचे कोड देतात. चांगली सोय आहे. तरी छापलेला नंबर रसवंतीवाल्यालाही वाचता येतो, म्हणून तो आधी. आधारमधले बाबांचे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद ताजी करून घ्या. बोलता न येणाऱ्या माणसांची ओळख त्यावरून पटल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत.

आता धावणारा माणूस. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरातले दोघं शोधा, दुपारी घरी असणारे: सोसायटीचा वॉचमन, समोरचे दुकानदार, कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरचे काका, कॉलेजात जाणारा शेजारचा मुलगा. त्यांना बाबांचा फोटो द्या आणि आजाराचं नाव घेऊन सांगा. लाज वाटू देऊ नका. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. तुमच्या सोसायटीतही आणखी कोणीतरी असेल. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या म्हणण्याप्रमाणे अशा दहापैकी सहा जण कधी ना कधी भरकटतात, आणि एकदा गेलेला माणूस पुन्हा जातो, असं धरूनच आखणी करावी. इंग्लंडमध्ये ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म घरचे लोक आधीच भरून ठेवतात, माणूस हरवला की तो पोलिसांच्या हाती देतात. तसा एक कागद तुम्हीही करा. ताजा फोटो, उंची, जखमेच्या खुणा, औषधं, जुने पत्ते, शिकवलेल्या शाळा, आवडतं देऊळ, कोणत्या नावाने हाक मारली तर वळतात. ‘सर’ म्हटल्यावर वळत असतील तर तेही लिहा. घरातल्या फ्रीजवर एक प्रत, धावणाऱ्या दोघांच्या फोनवर एक.

खरंच निघून गेले, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं यंत्र काय सांगतं ते बघत घराजवळ नीट शोधा: गच्ची, पार्किंग, जिन्याखालची जागा, शेजारचं बांधकाम, झुडपं, नाल्याची कड. हा आजार असलेली माणसं अडेपर्यंत पुढे जात राहतात, आणि अडली की हाकेला ओ देत नाहीत. नावाने ओरडत रस्त्यावरून गेलं की ती पाच फुटांवरही सुटतात. तेवढ्यात सापडले नाहीत तर ११२ ला फोन करा आणि एक जण चौकीत जाऊ दे. चोवीस तास थांबा असा नियम नाही. कोणी तसं म्हटलं तर शांतपणे सांगा की त्यांना स्मृतिभ्रंश आहे, औषधं चालू आहेत, आणि मिसिंगची नोंद आत्ताच हवी. रेल्वेकडे गेल्याची शंका असेल तर १३९. सापडल्यावर रागावू नका, प्रश्न विचारू नका. पाणी द्या, पाय बघा, उन्हात होते का ते बघा, पडल्याची खूण असेल तर डॉक्टरांकडे न्या.

यंत्र आल्यावर लगेच बाबांना देऊ नका. आधी तुम्ही स्वतः घालून बघा. बाबांच्या वाटेने चालत जा, पीएमपीच्या बसने स्वारगेट गाठा, वाटेत एखाद्या इमारतीच्या तळघरात थांबा, आणि घरच्यांना तुम्हाला शोधायला सांगा. किती उशिरा कळतं, कुठे गायब होता, कोण फोन उचलत नाही, सगळं एका सकाळी उघड होईल. विकत घेताना परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, म्हणजे सराव फसला तर यंत्र बदलता येईल. बोलायची सोय असेल तर तीही तपासा. काहींना मनगटातून अचानक आलेला लेकीचा आवाज धीर देतो, काही त्याने दचकून हात झटकतात. बाबांचं काय होतं ते घरात, तुम्ही शेजारच्या खोलीत असताना कळू दे.

भावासाठी खरं काम मी शेवटी राखून ठेवलं आहे. तुम्ही आणि आई रात्री झोपलेल्या असता, आणि बाबा पहाटे तीनला उठून ‘शाळेला उशीर झाला’ म्हणत दाराशी जाऊ शकतात. तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. रात्री अकरा ते सकाळी सहा हद्दीचा इशारा त्याच्या फोनवर जाऊ दे, आणि तुम्हाला उठवायला त्याने सलग फोन लावत राहायचं, तुमचा फोन त्याच्या नंबरसाठी कधीच मुका ठेवायचा नाही. सिमचा रिचार्ज आणि बॅटरीवर नजर हेही त्याच्याकडे द्या. ते तिथूनही जमतं. येत्या रविवारी सकाळी सातला सराव केलात तर त्याच्याकडे शनिवारची रात्र असेल. नकाशा त्याच्या हाती द्या, शोधणाऱ्याला फोनवरून वाट त्यालाच सांगू दे. आणि सराव झाला की तुमच्या ऑफिसपासून घरापर्यंतच्या वेळेसकट सगळा हिशेब मला कळवा, दुपारच्या वेळेसाठी माणूस ठेवायला हवा की शेजार पुरेल, हे त्यावरून ठरवू.